आधी झोप, मग मुलाखत

आपल्याकडे डॉक्टर व्हायचं म्हणजे नीटचे मार्क. ७२० पैकी किती पडले, रँक कितवी आली, कितव्या फेरीत कुठलं कॉलेज लागलं, यावर सगळं ठरतं. पुण्याच्या एएफएमसीसारखा अपवाद सोडला, तर एमबीबीएसच्या प्रवेशासाठी कुणासमोर बसून बोलावं लागतं हे बहुतेक मराठी घरांच्या गावीही नसतं. ब्रिटनमध्ये मात्र मार्क आणि प्रवेशपरीक्षा तुम्हाला मुलाखतीच्या दारापर्यंतच नेतात. अर्जाची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर. मेडिकलसाठी जास्तीत जास्त चार ठिकाणी अर्ज करता येतो. मुलाखती साधारण डिसेंबर ते मार्च या काळात होतात आणि खरा निकाल तिथे लागतो.

मी मूळची नाशिकची. शाळेत असतानाच आईबाबांबरोबर इंग्लंडला आले, इथे बायोमेडिकल सायन्सची पदवी घेतली आणि मग पदवीधरांसाठी असलेल्या चार वर्षांच्या मेडिकलच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केले. या वाटेने जाणारी पुष्कळ मुलंमुली हॉस्पिटलात हेल्थकेअर असिस्टंटचं काम धरतात. रुग्णांचा अनुभव मिळतो, घरभाडंही सुटतं. मीही वृद्धांच्या वॉर्डात लागले आणि रात्रपाळ्या मागून घेतल्या. रात्रीचा पगार जास्त असतो, शिवाय दिवसभर अभ्यासाला वेळ मिळेल असा हिशेब होता. हाच हिशेब मांडून बसलेली मराठी मुलं मला इथे वरचेवर भेटतात. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही.

सांगणं एकच आहे. रात्रपाळी करून मुलाखतीची तयारी होते, उत्तम होते. पण झोप मारून केलेली तयारी मुलाखतीत कामाला येत नाही, कारण मुलाखत ज्या गोष्टी तपासते, त्याच जागरणाने सगळ्यात आधी जातात.

तिथे नेमकं काय पाहतात

ब्रिटनमधल्या बऱ्याच मेडिकल स्कूल्समध्ये आता एमएमआय, म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू असतो. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने काढली आणि २००४ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एका लांबलचक मुलाखतीऐवजी छोट्या छोट्या मुलाखतींची रांग असते. त्यातल्या प्रत्येकीला स्टेशन म्हणतात. दाराबाहेर प्रश्न लावलेला असतो, तो वाचायला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. घंटा वाजली की आत जायचं, पाच-सात मिनिटं बोलायचं, पुन्हा घंटा वाजली की पुढच्या दारात. एका खोलीत नैतिक पेच असतो, एका खोलीत आलेख समजावून सांगायचा असतो, एका खोलीत चक्क अभिनेता बसलेला असतो आणि त्याच्याशी एखाद्या अवघड विषयावर बोलायचं असतं. प्रत्येक खोलीत परीक्षक वेगळा, त्यामुळे एका जागी घसरलात तर पुढच्या दारात पाटी कोरी.

नैतिक पेचात परीक्षकाला ठरावीक उत्तर हवं नसतं. तुम्ही दोन्ही बाजू मांडता का, त्याने मध्येच नवी माहिती दिली तर मत बदलता का, माहीत नसेल तर तसं सांगता का, हे तो बघतो. अभिनेत्याच्या खोलीत तुमचं बोलणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तुमचं ऐकणं.

माझ्या पहिल्या मुलाखतीत काय झालं

माझी पहिली मुलाखत सलग रात्रपाळ्यांच्या पाठोपाठ आली. त्या आठवड्यांतला क्रम असा होता: सकाळी आठच्या सुमारास हँडओव्हर संपायचा, घरी येऊन चहा घ्यायचे आणि थेट टेबलाशी बसायचे. दुपारपर्यंत वाचन, मग मिळेल तेवढी झोप, संध्याकाळी पुन्हा ड्युटी. पाठांतर पक्कं होतं. स्वायत्तता, रुग्णाचं हित, अपाय टाळणं आणि न्याय ही वैद्यकीय नीतीची चार तत्त्वं उदाहरणांसकट तोंडावर होती.

त्यातलं जे पाठ होतं, ते सगळं मुलाखतीत नीट आलं. गडबड झाली अभिनेत्रीच्या खोलीत. प्रसंग साधा होता: ती तुमची वर्गमैत्रीण आहे, गटाच्या प्रकल्पातलं तिच्या वाटचं काम झालेलं नाही, तिच्याशी बोला. मी ठरवलेल्या क्रमाने सुरुवात केली. आधी विचारपूस, मग अडचण, मग उपाय. मध्येच तिने मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "माझे बाबा आयसीयूत आहेत." मी "अच्छा" म्हणाले आणि पुढचा प्रश्न टाकला, "मग तुझा भाग शुक्रवारपर्यंत होईल का?"

तिचे शब्द माझ्या कानावर पडले होते. त्यांचा अर्थ मला बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर कळला. वॉर्डात कुणी मला हे सांगितलं असतं, तर मी खुर्ची ओढून शेजारी बसले असते. ते मला येत होतं, रोज करत होते. थकलेल्या मेंदूला ठरलेल्या क्रमातून बाहेर पडता आलं नाही, एवढंच. तिथून नकार आला.

झोपेचे अभ्यासक हेच सांगतात. सरावाची, पाठ झालेली कामं जागरणातही बऱ्यापैकी जमतात. नव्या माहितीनुसार विचार बदलणं, अनपेक्षित गोष्ट टिपणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरून काही ओळखणं हे आधी मंदावतं. त्यातून मेंदू थकलाय हे थकलेल्या मेंदूला स्वतःहून कळत नाही, आपलं व्यवस्थित चाललंय असंच वाटत राहतं. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात १०० मिलीलिटरमागे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखी खालावते, आणि २४ तासांनंतर ती साधारण १०० मिलिग्रॅमच्या पातळीला जाते. भारतात गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. आदल्या दुपारी उठून रात्रभर ड्युटी केलेला उमेदवार सकाळी दहाला मुलाखतीला बसतो, तेव्हा तो या अवस्थेत असतो. मग चार तत्त्वं पाठ असून काय उपयोग?

सुरुवात रोट्यापासून करा

पुढच्या मुलाखतींच्या वेळी मी पुस्तकांआधी रोटा, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, हातात घेतला. तुम्हीही तेच करा. मुलाखतीचं बोलावणं पुष्कळदा एक-दोन आठवडे आधी येतं आणि वॉर्डाचा रोटा त्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. म्हणून बोलावण्याची वाट बघत बसू नका. अर्ज गेला की त्याच महिन्यात वॉर्ड मॅनेजरला गाठून सांगा, की डिसेंबर ते मार्चमध्ये मला कधीही जावं लागेल. वार्षिक रजेतले काही दिवस या काळासाठी राखून ठेवा. कोण पाळी बदलून देईल हे आधीच विचारून ठेवा, आणि त्यांच्या अडीअडचणीला तुम्हीही उभे राहा.

रात्रपाळ्या विखुरलेल्या घेऊ नका, एकत्र मागा. एक रात्र काम, एक रात्र घरी, पुन्हा एक रात्र काम, असा रोटा सगळ्यात वाईट. शरीराला दिवस कुठला आणि रात्र कुठली हेच कळेनासं होतं. शेवटची रात्रपाळी आणि मुलाखत यांच्यामध्ये निदान दोन पूर्ण रात्री घरच्या अंथरुणात गेल्या पाहिजेत. दोन पाळ्यांमध्ये ११ तासांची विश्रांती हा इथल्या १९९८ च्या कामाच्या तासांच्या नियमांनी दिलेला हक्क आहे, पण तो कामावर परतण्यापुरता. मुलाखतीला तेवढ्यावर भागत नाही.

सगळ्यात कठीण जातं ते जादा शिफ्टला नाही म्हणणं. माणसं कमी आहेत, आज रात्री येशील का, असा फोन येतो. पैशांची गरज असते, सिस्टरला नाही म्हणवत नाही. अशा वेळी हिशेब कागदावर मांडा. एका जादा रात्रीचे पैसे एकीकडे आणि प्रवेश एक वर्ष पुढे गेला तर त्याची किंमत दुसरीकडे. मुलाखतीच्या आठवड्यात 'नाही' म्हणायचं हे आधीच ठरवून टाका, म्हणजे ऐन वेळी मन द्विधा होत नाही.

घरी आल्यावर पुस्तक उघडू नका

आपल्या शरीरातलं घड्याळ कसं चालतं हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. या घड्याळाला सगळ्यात जास्त कळतो तो उजेड. रात्रपाळी संपवून लख्ख उजेडात घरी येताना डोळ्यांतून त्याला निरोप जातो, की सकाळ झाली, उठा. म्हणून परतताना गडद गॉगल घाला. खोलीला जाड काळे पडदे लावा. शेवटचा चहा-कॉफी रात्री दोन-तीनपर्यंत घ्या, त्यानंतर नको. कॅफीनचं प्रमाण शरीरात निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. पहाटे पाचला घेतलेला कप दहाला उशाशी जागाच असतो.

अभ्यास झोपेच्या आधी करायचा नाही, नंतर करायचा. हा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं. सकाळी नऊ ते बारा वाचलेलं डोक्यात राहत नाही आणि झोपही मोडते. वाचलेलं पक्कं बसायलाही झोपच लागते. दुपारी उठून, आंघोळ करून, खाऊन मग पाऊण तास बसा. तो पाऊण तास मोठ्याने बोलण्यात घालवा. मुलाखत ही तोंडी गोष्ट आहे, मनातल्या मनात वाचून ती येत नाही. एक प्रश्न घ्या, फोनवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड करा आणि ऐका. घड्याळ लावून पूर्ण सराव सुट्टीच्या दिवशी, दोन रात्री झोप झाल्यावर करा.

रात्रपाळ्या संपवून दिवसाकडे वळताना, शेवटच्या सकाळी थोडीच झोप घ्या. दुपारी उठा, बाहेर उजेडात फिरून या आणि रात्री लवकर पडा. गाडी चालवत घरी जात असाल तर आधी वीस मिनिटं डोळे मिटा, त्याहून चांगलं म्हणजे बस धरा. स्टिअरिंगवर डुलकी लागली, जेवण सुटलं, सारखं रडू येऊ लागलं, तर तो थांबायचा इशारा समजा. इथे रात्रपाळीच्या कामगाराला मोफत आरोग्य तपासणीचा हक्क आहे. तो वापरा आणि काही काळ दिवसपाळी मागून घ्या.

रात्र जे देते ते लिहून ठेवा

आता दुसरी बाजू. रात्रीच्या वॉर्डात मुलाखतीची इतकी सामग्री मिळते, की कुठल्याही महागड्या कोर्समध्ये मिळणार नाही. फक्त ती टिपायला हवी.

एका पहाटेची गोष्ट. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेले एक आजोबा साडेतीनच्या सुमारास पलंगावरून उतरू लागले. बस चुकेल, मला जाऊ द्या, असं त्यांचं चाललं होतं. संध्याकाळी याच आजोबांनी माझ्याशी क्रिकेटवर नीट गप्पा मारल्या होत्या. त्यांना परत झोपवणं सोपं होतं. मी खाली वाकून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर आले, ड्रॉवरमधलं श्रवणयंत्र काढून कानात बसवलं, चष्मा दिला आणि कुठे दुखतंय का विचारलं. ते उत्तर देईनात, पण हात सारखा ओटीपोटाकडे जात होता. मी ऑब्झर्वेशन्स घेतली. इथल्या न्यूज-२ या तक्त्यात रुग्णाला नव्याने आलेला गोंधळ एकटाच तीन गुण घेतो, आणि एकाच रकान्यात तीन गुण आले की रुग्णाला तातडीने पाहावं लागतं. मी सिस्टरना तसं सांगितलं, हाताचंही सांगितलं. त्यांनी ब्लॅडर स्कॅन केला. लघवी तुंबली होती. कॅथेटर घातल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आजोबा शांत झोपले.

ही घटना मी परतीच्या बसमध्ये वहीत उतरवली. चारच गोष्टी लिहायचे: मी काय पाहिलं, मी काय केलं, कुणाला सांगितलं आणि पुन्हा असं झालं तर काय वेगळं करीन. नाव, वय, खाटेचा नंबर, तारीख यांतलं काही नाही. रुग्णाची ओळख पटेल असं वहीतही नको आणि मुलाखतीतही नको, परीक्षक हेसुद्धा बघत असतात. पुढे एका मुलाखतीत, टीममध्ये काम केल्याचा प्रसंग सांगा, असं विचारलं तेव्हा मी हीच घटना सांगितली. निदान सिस्टरनी केलं, माझं काम बदल ओळखून वेळेत सांगण्याचं होतं, हेही स्पष्ट म्हटलं. आपल्या कामाची हद्द ओळखणारा उमेदवार परीक्षकांना भावतो. ओढूनताणून डॉक्टरकी मिरवणारा भावत नाही.

वाचायचं तेही अशा घटनांना जोडून वाचा. एखाद्या आजींनी रात्रीची गोळी घ्यायला ठाम नकार दिला, तर त्या आठवड्यात २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट वाचा. एखाद्याचा निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटत नाही, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं मानता येत नाही, हे त्यातलं तत्त्व मग विसरता म्हणून विसरणार नाही. कुणाचा पाण्याचा पेला हाताला लागणार नाही इतका लांब दिसला, तर मिड स्टॅफर्डशरच्या हॉस्पिटलवरचा २०१३ चा फ्रान्सिस अहवाल काढा. तिथल्या रुग्णांची आबाळ नेमकी अशाच गोष्टींतून झाली होती. जनरल मेडिकल काउन्सिलचं 'गुड मेडिकल प्रॅक्टिस' तर वाचाच. त्याची नवी आवृत्ती जानेवारी २०२४ पासून लागू आहे.

घरच्यांना सांगायलाच हवं

आपल्या घरांत दिवसा झोपणाऱ्या माणसाला सहज हाक मारली जाते. इथे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा भारतात साडेचार झालेले असतात, चहाची वेळ. आत्या-मावशांचे व्हिडिओ कॉल नेमके तेव्हा येतात. मी घरच्या फ्रिजवर झोपेच्या वेळा लिहून लावल्या आणि नाशिकला सांगितलं, की मी दुपारी तीननंतर भेटेन, त्यांच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ असतात. कुणी रागावलं नाही. सांगितलं की लोक समजून घेतात.

आईवडिलांनो, तुम्ही स्वतः मार्कांच्या जगात वाढलात. त्यामुळे मार्क चांगले आहेत, मग नकार का, असा प्रश्न तुम्हाला पडणं साहजिक आहे. पण पहिल्या नकाराला पोरांना तो विचारू नका. त्यांच्या सरावाला बसा. वैद्यकीय ज्ञान नसलेला माणूस सरावाला उलट चांगला, कारण तो खरंच न कळून विचारतो. माझे बाबा आधी प्रत्येक प्रश्नाला, "पण बरोबर उत्तर काय?" असं विचारायचे. हळूहळू ते, "त्या बाईला कसं वाटलं असेल?" असं विचारू लागले. मला त्या प्रश्नाची सवय झाली, ती घरातल्या जेवणाच्या टेबलावर.

मुलाखतीच्या गावी आदल्या संध्याकाळीच पोहोचा. ऑनलाइन मुलाखत असेल तर ती हॉस्पिटलच्या स्टाफ रूममधून, पाळी संपवून देऊ नका. आजारी पडलात किंवा पाळी कुठल्याच उपायाने बदलली नाही, तर विद्यापीठाला लगेच ईमेल करून दुसरी वेळ मागा. मिळेलच असं नाही, पण दोन आठवडे आधी मागितलेली वेळ मिळण्याची शक्यता आदल्या रात्री मागितलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त असते.

रात्रपाळी सोडा, असं मी कुणालाच सांगणार नाही. ज्याला भाडं भरायचंय त्याला तो सल्ला निरुपयोगी आहे, आणि त्या रात्रींनी मला मेडिकलच्या वर्गात बसायची खरी पात्रता दिली. पण डॉक्टर झाल्यावरही रात्रपाळ्या सुटणार नाहीत. तेव्हा आपल्या जागरणाची किंमत खाटेवरचा रुग्ण मोजेल. आपण किती थकलोय हे ओळखणं, वेळेवर नाही म्हणणं, मदत मागणं आणि झोप राखणं हा डॉक्टरकीचाच भाग आहे, आणि तो शिकायला प्रवेश मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. पुढच्या महिन्याचा रोटा लागण्याआधी वॉर्ड मॅनेजरशी बोलून घ्या.